खालचा थर

दत्त चौकात फिरोजभाईनं करकचून ब्रेक दाबला, तेव्हा तसं काहीच झालं नाही. एक दूधवाला कॅन लटकवलेली मोटरसायकल घेऊन आडवा आला, गाडी जागच्या जागी थांबली, सीटचा पट्टा मोनालीच्या पोटावर क्षणभर आवळला आणि सैल पडला. मागं लोखंडी नळ्या एकमेकींवर आपटल्या. फिरोजभाईनं काच खाली करून दूधवाल्याला दोन शब्द ऐकवले, दूधवाल्यानं त्याला जास्तीचे ऐकवले, आणि गाडी पांढरकवड्याच्या रस्त्याला लागली. "लागलं तर नाही ना मॅडम?" फिरोजभाईनं विचारलं. "नाही," मोनाली म्हणाली. लागलं नव्हतंच. पट्ट्याखाली कुर्ता किंचित चुरगळला होता, तो तिनं सरळ केला, आणि सरळ करता करता हात ओढणीखाली पोटावर ठेवला. तो हात मग तिला काढता येईना.

पाचवा महिना सरत आला होता. गेल्या काही दिवसांपासून सकाळी, चहा प्यायल्यावर थोड्या वेळानं, बेंबीच्या खाली डाव्या अंगाला काहीतरी व्हायचं. कुणीतरी आतून बोटानं कापड चाचपून पाहावं तसं. पहिल्यांदा झालं तेव्हा ती वाघापूरच्या त्यांच्या भाड्याच्या घरात भांडी विसळत होती आणि हातातलं पातेलं तसंच धरून नळ वाहू देत उभी राहिली होती. नवऱ्याला, राजदीपला, तिनं संध्याकाळी सांगितलं. तो तिच्या शेजारी बसून पंख्याकडे पाहत राहिला. दोघांनीही त्यावर पुढं बोलायचं टाळलं. बोललं की ते ऐकू जाईल आणि थांबेल, अशी काहीतरी समजूत त्या घरात न ठरवता ठरून गेली होती. आज चहा पिऊन झाला होता. चौकात येईपर्यंत ते झालं होतं की नव्हतं, हे तिला आठवेना. झालं असावं. पायऱ्या उतरताना झालं होतं. की ते काल होतं? ती आठवायचा जेवढा प्रयत्न करू लागली तेवढी सकाळ पुसट होत गेली, आणि गाडी शहराबाहेर पडली तेव्हा तिच्याकडे एकच खात्रीची गोष्ट उरली होती : ब्रेकनंतर काहीच हललेलं नव्हतं.

गाडी वळव, असं म्हणता आलं असतं. पण मग का, ते सांगावं लागलं असतं, आणि ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. सैल कुर्ते, मोठी ओढणी आणि मुळातली बारीक अंगलट यांच्या आड तिनं ते इतके दिवस ठेवलं होतं. मारेगावहून आई फोनवर रोज विचारायची, "सांगतलं का साहेबाले?" आणि मोनाली रोज "सांगते" म्हणायची. सांगितलं असतं तर शेतांवरचं काम काढून घेऊन तिला टेबलाशी बसवलं असतं, हे एक कारण होतं. खरं कारण तिनं स्वतःलाही नीट सांगितलेलं नव्हतं. मागच्या वेळी सगळ्यांना सांगितलं होतं. ऑफिसात पेढे वाटले होते. नंतर प्रत्येकाला वेगवेगळं परत सांगावं लागलं, आणि ऐकणारा प्रत्येक जण आधी तिच्या पोटाकडे पाहायचा आणि मग तोंडाकडे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी संपलेली पऱ्हाटी उभी होती. तपकिरी, वाळून काटकी झालेली, बोंडांच्या रिकाम्या वाट्या टोकांना तशाच. काही शेतांतून धूर निघत होता. मोनालीचं काम या धुराशीच होतं एका अर्थी. पऱ्हाटी जाळू नका, तिचा भुगा करून रानातच पसरा, नांगरट कमी करा, उन्हाळ्यात जमीन उघडी टाकू नका; असं केलं की जो कर्ब धुरातून उडून जातो तो मातीत मुरतो. किती मुरलं ते मोजायचं. मोजलेलं ते दूर कुठंतरी धूर काढणारे कारखाने विकत घेणार आणि त्यातला वाटा शेतकऱ्यांना मिळणार. तीन वर्षांपूर्वी एकदा माती मोजली होती, आता पुन्हा मोजायची होती. यंदा पुण्याच्या मुख्य ऑफिसातल्या संगणकानं नकाशावर नवे बिंदू पाडले होते. कुणाच्या धुऱ्याजवळ, बांधालगत, कुणाच्या रानाच्या मधोमध. संगणकाला त्यातलं काही दिसत नव्हतं. तिथं जायचं, नळी ठोकायची, वर काढायची. वरचा थर एका पिशवीत, खालचा थर दुसऱ्या पिशवीत. डोळ्यांनी पाहून काहीच कळत नाही. माती दोन्ही वेळी काळीच असते. काही वाढलं की नाही ते प्रयोगशाळेतून आल्यावरच कळतं, आणि तोवर नुसतं थांबायचं असतं. हे काम तिला आवडायचं. आज मात्र तिला वाटलं, जगात आपल्याला फक्त एवढंच काम मिळावं, झाकलेल्या वस्तूत काही आहे की नाही याची वाट पाहण्याचं, ही काय गोष्ट आहे.

मागच्या वेळीही काही कळलं नव्हतं. त्याचीच तिला भीती वाटत आली होती, दुखलं त्याची नव्हे. ती चालत गेली होती सोनोग्राफीला, स्वतःच्या पायांनी, रांगेत बसून शेजारच्या बाईशी कैरीच्या लोणच्यावर बोलली होती. आत पोटावर गार जेल लावून डॉक्टरीणबाई पडद्याकडे पाहत होत्या आणि काहीतरी गुणगुणत होत्या. मग गुणगुणणं थांबलं. त्यांनी पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला, इतका हळू की जणू त्यावर ऊन पडलं होतं. "यजमान बाहेर आहेत का?" त्यांनी विचारलं. ते गुणगुणणं थांबण्याची जागा मोनालीला अजून ऐकू यायची. कधी कुकरची शिट्टी मध्येच अडली की, कधी फोनवर पलीकडचा माणूस श्वास घ्यायला थांबला की. आत सगळं थांबून काही दिवस झाले होते, असं नंतर कळलं. त्या काही दिवसांत ती बाजारात गेली होती, आंब्याचा रस केला होता, एका लग्नात जेवली होती. थांबलेलं घेऊन ती हिंडली होती आणि तिला काही कळलं नव्हतं. मग आजही कसं कळणार?

"थंड पाणी प्यायलं की पोर हलतं," तिनं कुठंतरी वाचलं होतं. पांढरकवड्याला फिरोजभाईनं डिझेल घेतलं तेव्हा तिनं थंड पाण्याची बाटली विकत घेऊन एका दमात निम्मी संपवली आणि वाट पाहिली. ट्रक हायवेवरून हैदराबादकडे जात होते, त्यांच्या हादऱ्यानं गाडीची काच थरथरायची, आणि तिला एकदम वाटायचं की झालं, हललं. मग कळायचं की काच होती. आपलं अंग आता विश्वासाचं राहिलेलं नाही असं तिला वाटलं. आतडं वळलं तरी, नस उडाली तरी तिचा श्वास अडायचा. फिरोजभाई आरशातून पाहत होता. "तब्येत बरी नाही का मॅडम? उद्या करू आपण." "नाही, चला," ती म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजातला तुटकपणा तिला ऐकू आला. उद्या म्हणजे आज रात्रभर घरी, राजदीपच्या शेजारी, दोघंही जागे आणि दोघंही झोपल्यासारखे. त्यापेक्षा ऊन बरं.

मुकुटबनच्या अलीकडे गाडी आडरस्त्याला लागली. दोन शेतांतली माती काढून झाली; शेवटचं शेत धनीबाई आत्रामचं होतं. धनीबाई कोलाम जमातीची, साठीच्या आसपासची, नवरा उकंडा मागच्या पावसाळ्याआधी काविळीनं गेलेला, मुलगा चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत. पहिल्या मोजणीला उकंडा होता. तो नळ्यांमागून सगळीकडे मुकाट फिरला होता, हे मोनालीला आठवत होतं. आज बांधावर कुणीच दिसलं नाही. रानात पऱ्हाटीचा भुगा पसरलेला होता, पायाखाली कुरकुरत होता, आणि त्याखालची काळी जमीन भेगाळायला लागली होती. मधोमध एक बोरीचं झाड. आजूबाजूचं सगळं रान वखरलेलं, पण झाडाभोवती एक मोठा गोल तसाच ठेवलेला, गवताचा, कधी बैलांचं अवत न फिरलेला. मोबाइलवरचा बाण त्या गोलाच्या आत शिरला आणि थांबला.

"इथंच," ती म्हणाली. फिरोजभाईनं नळी उभी केली आणि वर घण घालायला सुरुवात केली. प्रत्येक ठोक्यागणिक जमीन तिच्या तळव्यांना जाणवत होती, तळव्यांतून पोटऱ्यांना, आणि ती डोळे मिटून तो हादरा वर कुठंवर पोचतो ते पाहत उभी राहिली. एवढ्या आवाजानं तरी दचकेल. दचक, ती मनात म्हणाली. दचक ना. ठोका. काही नाही. ठोका. काही नाही. कुठंतरी लांबून कुणी ओरडत होतं, गुराख्यानं ओरडावं तसं, आणि ते ओरडणं जवळ येत होतं, हे तिला ऐकू आलं आणि आलं नाही. तिचा सगळा कान आत लागला होता. फिरोजभाईनं नळी पिळून वर खेचली, आडवी करून मातीची कांडी पांढऱ्या कापडावर सरकवली, आणि तेव्हा ओरडण्याला एकदम माणसाचं तोंड आलं.

"काहाडू नोका! ओ बाई, काहाडू नोका!"

धनीबाई पऱ्हाटीच्या खुंटांतून पळत येत होती. लुगड्याचा पदर कुठंतरी अडकून मागं ओढला जात होता, हातात विळा तसाच. ती आली आणि कापडावरच्या मातीकडे पाहून जागीच थांबली, जणू पुढं पाणी होतं.

"काहाडलं," ती म्हणाली. धापेनं तिला नीट बोलता येईना. "काय निंगालं? मले दाखवा काय निंगालं."

"मावशी, माती आहे फक्त. तपासायला..."

"इथी माहं लेकरू हाय," धनीबाई म्हणाली.

फिरोजभाईच्या हातातला घण हळूच जमिनीवर टेकला. मोनालीनं कापडाकडे पाहिलं. वरचा थर भुसभुशीत, बारीक मुळ्यांनी विणलेला, इतका काळा की हाताला तेलकट लागावा. खालचा थर घट्ट, ओलसर, चकाकणारा. आणि त्या खालच्या थरात, मधोमध, नखाएवढं पांढरं काहीतरी.

धनीबाईलाही ते दिसलं होतं. वारा नव्हता. मोनालीला माहीत होतं ते काय आहे. या भागातल्या काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे असतातच, आज सकाळपासून काढलेल्या प्रत्येक कांडीत ते होते, ती त्यांच्याकडे पाहतही नव्हती. पण आता तिचा हात पुढं होईना. गुडघे टेकून ती खाली बसली तेव्हा पोट एकदम घट्ट झालं, दगडासारखं, आणि मग हळूहळू सैल झालं. हे काय होतं? मागच्या वेळी असं झालं होतं का? आता धनीबाई तिच्या तोंडाकडे पाहत होती, सोनोग्राफीच्या खोलीत मोनालीनं डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे पाहिलं होतं तसं. पडदा आता मोनालीच्या हातात होता.

तिनं पिशवीतली ॲसिडची छोटी बाटली काढली. एक थेंब त्या पांढऱ्यावर सोडला. बारीक फेस आला, फसफसला, विरला. चुना असला की फसफसतं. पण हाडही थोडंसं फसफसतं, फार जुनं असलं तरी, हेही ती शिकलेली होती, आणि आत्ताच नेमकं ते तिला आठवलं. नखानं दाबलं असतं तर कळलं असतं. चुनखडीचा चुरा होतो. नखानं दाबायचं. तिनं बोट जवळ नेलं आणि परत घेतलं.

"चुनखडी आहे मावशी," ती म्हणाली. "सगळ्या रानात आहे. मघाच्या दोन शेतांतही निघाली."

"पक्कं?"

"पक्कं."

आता ही सुटकेनं रडेल असं मोनालीला वाटलं. धनीबाई रडली नाही. तिचा चेहरा आणखीच उतरला. ती झाडाकडे पाहू लागली, मग त्या गवताच्या गोलाकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जणू घरात आल्यावर भिंत हललेली दिसावी.

"मंग ते कुठी हाय?" ती म्हणाली.

"तुमची नळी खाली पाहते न बाई?" धनीबाई एकदम जवळ आली. तिच्या अंगाला शेळ्यांचा आणि धुराचा वास येत होता. "मंग तिकडून पाहा न. बुडाशी पाहा. अजून चार ठिकानी टाका, मी काही म्हननार नाई. निंगालं तरी चालते. निंगालं तं चांगलंच हाय. मले कयलं तरी पाह्यजे न, इथी हाय का नाई."

"मॅडम," फिरोजभाई हळूच म्हणाला, "रहने दो. मी गड्डा भरून देतो."

मोनालीला वाटलं, आपण उठून गाडीकडे पळत जावं. ऊन डोक्यावर आलं होतं आणि त्या उन्हात, एवढ्या मोकळ्या रानात, तिला बंद खोलीत कोंडल्यासारखं भ्यायला झालं. ही बाई आपल्याला ओळखते, असं काहीतरी. ही मुद्दाम आजच भेटली. "मावशी," ती म्हणाली, आणि ऑफिसची भाषा तिच्या तोंडातून निघून गेली, तिचं मारेगाव वर आलं, "हे नळी आंधळी हाय वो. तिले दिसत नाई. काही लागलं तं तोडूनच वर आनते. मी नाई टाकत."

धनीबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग ती मटकन खाली बसली आणि विळ्याच्या टोकानं गवत टोकरत बोलत राहिली, मोनालीशी असं नाही, त्या भोकाशी. पहिलटकरीण होती ती तेव्हा. पावसाळा, नाला भरून वाहत होता, सुईण पलीकडेच अडकली. पोर झालं ते रडलंच नाही. तिला ताप चढला. ती तापातून उठली तेव्हा घरात पोर नव्हतं आणि उकंडा दारात बसून दोर वळत होता.

"त्यानं सांगितलं नाही, कुठं ठेवलं ते?"

"नाई."

"तुम्ही विचारलं नाही?"

"भेव वाटे," धनीबाई म्हणाली. "त्यालेही वाटे. म्या त्याच्यावर ध्यान ठेवलं. तो अवत या झाडाच्या लांबून फिरवे. या बोरीची बोरं सारं गाव खाये, त्यानं कधी तोंडात नाई टाकली. त्याच्यावरून म्या समजली. मंग मीही नाई खाल्ली." ती थांबली. "आता वाटते, त्याले काटे टोचत असन म्हनून लांबून फिरवे. बोरं आंबट लागत असन. आता कोनाले इचारू? जिता होता तवा रोज बाजूले जेवाले बसे."

फिरोजभाईनं कांडी उचलली. वरचा-खालचा असं काही न पाहता त्यानं ती दोन्ही हातांनी भोकात परत घातली, वरून गवत सारखं केलं, आणि डोक्यावरचा रुमाल नीट करत थोडा वेळ तसाच उभा राहिला. मोनालीच्या कानात गुंई होत होतं. रोज बाजूला जेवायला बसे. राजदीप रोज बाजूला जेवायला बसायचा. त्या दिवशी ती गुंगीतून उठली तेव्हा राजदीप खिडकीशी उभा होता, आणि खोलीत सगळं आवरलेलं होतं, लादी पुसलेली, बादली पालथी. तिनं पाणी मागितलं. घरी जाताना तिनं औषधांच्या वेळा विचारल्या. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला पिवळ्या पिशव्यांची गाडी उभी असते, ती तिनं रिक्षातून पाहिली आणि मान वळवली. त्यानंतर ती त्या रस्त्यानं कधी गेलेली नव्हती. भाजी घ्यायला ती लांबच्या बाजारात जायची, आणि राजदीपनं त्याचंही कारण कधी विचारलं नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली. आपण बोलणार आहोत हे तिला बोलल्यावर कळलं. "माहं लेकरू सकायपासून हालून नाई राह्यलं."

धनीबाईचा विळा थांबला. तिनं मोनालीच्या ओढणीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत एकदम जे आलं ते पाहून मोनाली आणखी घाबरली, कारण तिथं धीर नव्हता, निव्वळ भीती होती, तिच्याइतकीच, ताजी, काल झाल्यासारखी. "ओ ड्रायव्हर!" धनीबाई किंचाळली. "पाह्यतं काय, गाडी काढ!" आणि तिनं विळा फेकून मोनालीला दंडाला धरून उभं केलं, इतकं घट्ट की दंड दुखला.

मुकुटबनच्या दवाखान्यापर्यंत ती मागच्या सीटवर डाव्या कुशीवर पडून होती. धनीबाईच्या मांडीवर डोकं. फिरोजभाई खड्डे चुकवत इतकी हळू चालवत होता की मोनालीला ओरडावंसं वाटलं, आणि जोरात चालवली असती तरी ओरडावंसं वाटलं असतं. धनीबाई काहीतरी पुटपुटत होती, कोलामीत, मोनालीला एक शब्द कळत नव्हता. पण ती प्रार्थना नसावी. भांडणासारखं वाटत होतं. कुणाशी तरी ती कडाकडा भांडत होती आणि मध्येच मोनालीच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसत होती. खिडकीतून नुसतं आकाश दिसत होतं, विजेच्या तारा वर-खाली होत होत्या. मोनाली मनात म्हणत होती, असेल ते असू दे, पण लगेच कळू नये. रस्ता आणखी थोडा लांब असता तर बरं. कळेपर्यंत ते आहे.

दवाखान्यात सिस्टरनं तिला बाकावर झोपवलं, कुर्ता वर केला आणि गार जेल लावलं. त्या गारव्यानं तिचे दात वाजले. हातात मावेल एवढं यंत्र, त्याला छोटा स्पीकर. पडदा नव्हता, वळवून घ्यायला काही नव्हतं. आधी खरखर आली, वाळल्या पऱ्हाटीतून वारा जावा तशी. मग एक ठोका. संथ, जड. धनीबाई "हाय, हाय" म्हणाली. सिस्टर म्हणाली, "थांबा मावशी, हे यांचंच आहे." यंत्र सरकलं. खरखर. सिस्टर गुणगुणत नव्हती, काही बोलत नव्हती, तिचं कपाळ आठीत गेलं होतं. खरखर. मोनालीनं छताच्या पंख्याच्या पात्यांकडे पाहिलं आणि ठरवलं की आपण आता काहीही विचारायचं नाही, कुणी काही सांगितलं तरी ऐकायचं नाही, उठायचं आणि मारेगावला आईकडे जायचं. यंत्र आणखी खाली गेलं, हाडाजवळ, दाबलं गेलं.

आणि ते आलं. घाईघाईचं, बारीक, एकामागून एक, मागं कुणी लागल्यासारखं.

"हे बघा," सिस्टर म्हणाली. "खाली जाऊन बसलंय. या महिन्यात असंच असतं, कधी हलतं, कधी दिवसभर पत्ता नसतो. पण धक्का बसला म्हणताय तर आज सोनोग्राफी करून घ्या पांढरकवड्याला."

"लयच पयते वो," धनीबाई म्हणाली. तिनं मान वाकडी करून कान स्पीकरजवळ नेला होता आणि तोंड अर्धं उघडं होतं. सिस्टरनं यंत्र उचललं तशी ती म्हणाली, "अजून थोडं ऐकू द्या न." सिस्टरनं पुन्हा लावलं. मोनालीला वाटलं होतं की हे ऐकलं की आपण मोकळ्या होऊ, रडू, हसू. तसं झालं नाही. जे इतक्या जोरात पळतंय ते दमेल, एवढंच तिला वाटलं. भीती गेली नव्हती. सकाळी ती बाहेर कुठंतरी होती, आता तिला ठोका होता.

धनीबाईला परत सोडताना ती गाडीतून उतरली आणि मागं वळून पाहिलंच नाही. तिच्या शेळ्या मोकळ्या राहिल्या होत्या. शेजारच्या चण्यात शिरल्या असतील म्हणून ती शिव्या देत, लुगडं वर खोचून पळत गेली. बोरीच्या झाडाकडे गेली नाही. त्या बिंदूचं काय करायचं ते मोनालीनं रस्त्यात ठरवलं. अडचण असली की कारण लिहून बिंदू सरकवता येतो. विहीर, खडक, घर. "कब्र लिहा," फिरोजभाई म्हणाला. "आहे का नाही ते कुठं माहीत आहे?" मोनाली म्हणाली. फिरोजभाईनं थोडा विचार केला. "ती मानते ना," तो म्हणाला. मोनालीनं तसंच लिहिलं.

मोनालीचा फोन गेल्यावर राजदीप पांढरकवड्याला शाळेतून परस्पर मोटरसायकलनं येऊन पोचला होता. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर तो उभा होता, हेल्मेट हातात, केसांत धूळ. आतल्या डॉक्टरांनी पडदा तिच्याकडेच वळवला आणि पाठीचा कणा दाखवला, मण्यांच्या ओळीसारखा. सगळं ठीक होतं. बाहेर आल्यावर तिनं राजदीपला तेवढंच सांगितलं, "ठीक आहे," आणि त्यानं डोळे मिटून भिंतीला पाठ टेकली. मग फिरोजभाई गाडीचं चाक पाहतो म्हणून ओळखीच्या गॅरेजवर गेला आणि ते दोघं खालच्या चहाच्या दुकानात बसले. उन्हं उतरली होती. हायवेवरून कापसाच्या गाठींचे ट्रक जात होते, त्यांच्या ताडपत्र्या फडफडत होत्या. राजदीपनं तिच्या ग्लासावरची साय बोटानं काढली, तो नेहमी काढायचा तशी.

तिला वाटलं होतं की घरी जाऊन, जेवून, केव्हातरी विचारू. पण घरी गेल्यावर आपण विचारणार नाही हे तिला कळत होतं. आजचा दिवस गेला की ते पुन्हा बुजेल. राजदीपचं तोंड आत्ता सैल होतं, सुटका झालेल्या माणसाचं, आणि ते आपण परत आवळणार आहोत याची तिला दया आली.

"मागच्या वेळचं," ती म्हणाली, "ते कुठं नेलं होतं?"

राजदीप आधी समजला नाही. मग समजला. त्यानं ग्लास खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"माहीत नाही," तो म्हणाला. "हॉस्पिटलचा पोऱ्या पिशवी घेऊन आला. मला म्हणाला, तुम्हाला न्यायचं का? मी भिंतीकडं तोंड केलं. मला बघायचं भेव वाटलं, मोना. मी तोंड फिरवलं तोवर तो गेला होता." ट्रक गेला, दुकानाची पत्र्याची भिंत थरथरली. "तू उठलीस की विचारशील म्हणून मी उत्तर तयार करून ठेवलं होतं. वाघाडी नदीच्या काठी नेलं म्हणून. तुझ्या खाटेशी बसून पूर्ण घोकलं, कोणत्या झाडाखाली, सोबत कोण होतं, सगळं. रोज वाटायचं आज विचारशील. तू विचारलंच नाहीस."

विचारलं असतं तर इतके दिवस तिच्याकडे एक नदीचा काठ असता. एक झाड असतं, लांबून वळसा घालून जायला. ते खोटं असतं आणि तिला ते कधी कळलं नसतं. आणि आता खरं होतं, आणि त्यात कुठं पाय ठेवायलाही जागा नव्हती. राजदीप तिच्याकडे पाहत नव्हता. त्याचा अंगठा हेल्मेटच्या पट्ट्यावर मागं-पुढं फिरत होता. त्यालाही आपल्याइतकंच भेव वाटत आलंय, बाजूला बसून, एकाच ताटलीतलं लोणचं घेत, हे तिला पहिल्यांदाच दिसलं, आणि ते दिसणंही भीतीदायकच होतं.

"ते सांग मले," ती म्हणाली.

"काय?"

"घोकलं होतंस ते."

राजदीपनं मान वर केली. ती थट्टा करत नव्हती. तिनं ओढणीखाली दोन्ही हात पोटावर ठेवले होते आणि ती वाट पाहत होती. तो खाकरला, आणि पोरांसमोर धडा वाचायला घेताना तो करतो तसा आवाज थोडा खाली आणून म्हणाला, "सकाळची वेळ होती. वाघाडीला पाणी कमी होतं. काठावर एक करंजीचं झाड आहे..."

मोनालीनं डोळे मिटले आणि ऐकू लागली.